हात धुण्यापुरतें पाणी

युरोपखंडांतून हद्दपार झालेले जुने देव परत येऊं लागले आहेत, ही वार्ता आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. आणि ज्यांस ठाऊक असेल त्यांपैकीं बऱ्याच जणांनीं ती हंसण्यावारी नेली असेल. ३९१ व ३९२ या सालीं थिओडोशिअस बादशहानें हुकूम काढून यज्ञ बंद केले, देवळांत जाण्यास मनाई केली, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन घरच्या देवांपुढें धूप जाळणेंही गुन्हा ठरविलें. त्यानंतरचीं सोळा शतकें झ्यूस, अथीना, अपोलो, हेस्तिआ हीं नांवें कवींच्या उपमांपुरतीं, मूर्तिकारांच्या हौसेपुरतीं आणि शाळेंतील मुलांच्या परीक्षेपुरतीं उरलीं. परंतु १९९७ सालीं अथेन्स शहरीं या जुन्या धर्माच्या अनुयायांनीं आपली एक परिषद स्थापिली. २००१ सालीं अमेरिकेंत 'हेलेनिऑन' नांवाची त्याच मताची संस्था निघाली. २००७ च्या जानेवारींत ऑलिंपिअन झ्यूसच्या पडक्या देवळापाशीं, सरकारी सांस्कृतिक खात्याच्या नाराजीस न जुमानतां, कांहीं स्त्रीपुरुषांनीं उघडपणें प्रार्थना केली. आणि २०१७ सालीं खुद्द ग्रीक सरकारनें या धर्मास 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली. पशुयज्ञ बहुतेकांनीं सोडला आहे. धूप, मद्य, मध, दूध, जव आणि फळें एवढ्यावर त्यांचे देव संतुष्ट आहेत.

या मंडळींच्या श्रद्धेची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांच्या घरांत रोज सकाळीं ताम्हनांत देव न्हाऊन निघतात त्यांनीं दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे पाहून हंसणें शोभतही नाहीं. आमचा वाद आहे तो पाण्याविषयीं. प्रार्थनेपूर्वीं हात धुवावे, अंगावर चार थेंब शिंपडावे, हा त्या धर्मांतील पहिला व सर्वांत सोपा विधि. पण या सोप्या विधीवरूनच नव्या अनुयायांत तट पडले आहेत. एक पक्ष त्याचा बाऊ करूं पाहतो, दुसरा त्यास फोल म्हणून टाकूं पाहतो. आणि आमच्याकडील कांहीं विद्वान ही भांडणें दुरून ऐकून 'पाहा, ग्रीक लोकांतही सोवळें होतेंच!' म्हणून मांडीवर थाप मारीत आहेत. हे तिघेही चुकत आहेत असें आमचें म्हणणें आहे, आणि त्यांतल्या त्यांत अधिक चूक आमच्याच माणसांची आहे.

आधीं तो विधि काय आहे तें पाहूं. या पाण्यास ग्रीक भाषेंत 'खेर्निप्स' असें म्हणतात. या सामासिक शब्दाचा पूर्वार्ध म्हणजे हात व उत्तरार्ध म्हणजे धुणें. आणि हा उत्तरार्ध आपल्या संस्कृतांतील 'निज्' धातूचा सख्खा भाऊ आहे, ज्यापासून परटाला 'निर्णेजक' हें नांव मिळालें. स्वच्छ पाणी, शक्य तर झऱ्याचें किंवा समुद्राचें, एका भांड्यांत घ्यावयाचें. वेदीवरील जळतें लाकूड त्यांत बुडवून विझवावयाचें. मग त्या पाण्यानें हात धुवावयाचे व जमलेल्या सर्वांवर तें शिंपडावयाचें. इतकाच हा विधि. अथिनिअस नांवाच्या ग्रंथकारानें त्याचें वर्णन करून ठेविलें आहे, आणि अरिस्टोफनीसच्या 'शांतता' या नाटकांत, म्हणजे इसवी सनापूर्वीं ४२१ सालीं, तो भर रंगभूमीवर करून दाखविलेला आहे. आजचे अनुयायी शहरांतील सदनिकांत राहतात. त्यांच्याजवळ वेदी कोठली आणि जळतें लाकूड कोठलें! ते वाटीभर पाण्यांत चिमूटभर समुद्री मीठ टाकतात आणि लॉरेलचें पान किंवा काड्यापेटींतली साधी काडी पेटवून त्यांत विझवितात. मिठाला आधार नाहीं असें नाहीं. थिओक्रिटसच्या एका काव्यांत घराच्या शुद्धीसाठीं मीठ मिसळलेलें पाणी सांगितलेलें आहे. आगकाडीला मात्र कोणी आधार शोधूं नये. ती अडचणींतून काढलेली युक्ति आहे, आणि आम्हांस ती आवडते.

होमरच्या काव्यांतील माणसें हें पाणी कसें वापरतात तें लक्षांत घेण्याजोगें आहे. रणांगणांतून घटकाभर शहरांत आलेल्या हेक्टरपुढें त्याची आई मद्याचा पेला करूं लागते. तो नको म्हणतो, कारण रक्तानें व धुळीनें माखलेल्या हातांनीं झ्यूसला अर्घ्य देण्यास तो धजत नाहीं. अखिलीज आपल्या जिवलग मित्रास युद्धावर धाडतांना पेटींतला ठेवणींतला पेला काढतो, तो गंधकानें व पाण्यानें स्वच्छ करतो, मग हात धुतो आणि मग अर्घ्य देतो. घरांत ठाण मांडून बसलेल्या धटिंगणांनीं गांजलेला तेलेमाखस एकटाच समुद्रकांठीं जातो, लाटेच्या पाण्यांत हात धुतो आणि अथीनेची करुणा भाकतो. त्याची आई पेनेलोपी मुलाच्या काळजीनें अन्नपाणी सोडून पडलेली असते. ती उठून स्नान करते, धुतलें वस्त्र नेसते, माडीवर जाते आणि टोपलींत जव घेऊन त्याच देवीस हांक मारते. या चौघांत मनानें शांत असें एकही माणूस नाहीं. त्यांपैकीं हेक्टरच तेवढा थांबतो, आणि तोही हात धुतलेले नाहींत एवढ्याचसाठीं. आपण दुःखी आहों, संतापलेले आहों, भ्यालेले आहों, म्हणून देवापुढें उभें राहूं नये, असा विचार कोणाच्याही मनांत येत नाहीं. उलट तेवढ्याचसाठीं तर तीं माणसें देवापुढें जातात!

आणि नेमकी हीच गोष्ट आजच्या कडव्या पक्षास उमगलेली नाहीं. ग्रीक भाषेंत 'मिआस्मा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ डाग, मळ. आमच्याकडे 'विटाळ' म्हणतात त्याच्या बराच जवळचा. प्राचीन ग्रीक मिआस्मा प्रामुख्यानें जन्म आणि मृत्यु या दोन दारांतून घरांत येत असे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सिरीनी या ग्रीक वसाहतींत इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत कोरलेला शुद्धिनियमांचा एक लेख सांपडलेला आहे. त्यांत बाळंतिणीमुळें घर अशुद्ध होतें. तिच्याबरोबर त्याच छपराखालीं असेल त्यासही तीन दिवस अशुद्धि लागते, पण जो छपराखालीं आलाच नाहीं त्यास कांहीं नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. अथेन्समध्यें घरांत कोणी मेलें म्हणजे दाराबाहेर पाण्याचें भांडें ठेवीत. तें पाणी दुसऱ्याच्या घरून आणलेलें असे, आणि भेटून परतणारा मनुष्य त्यांतलें अंगावर शिंपडून मग वाटेस लागे. किऑस बेटावरील इऊलिस या गांवच्या अंत्यविधीच्या नियमांत प्रेत हलविल्यावर घरांत समुद्राचें पाणी शिंपडण्यास सांगितलें आहे. ज्यांच्या घरीं सोयर-सुतक पाळलें जातें अशा आमच्या वाचकांस हें सारें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पण एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. यांत पाप कोठें आहे? बाळंतिणीनें कोणता अपराध केला? आईच्या उशाशीं बसून तिचे डोळे मिटणाऱ्या मुलानें कोणतें दुष्कृत्य केलें? मिआस्मा लागली म्हणून कोणी देवाची क्षमा मागत नसे. दिवस मोजीत, पाणी घेत आणि पुन्हां कामास लागत. जन्म व मरण हे देवांच्या स्वभावाबाहेरचे प्रकार, म्हणून मर्त्य माणसानें त्या गडबडींतून उठून तसेंच देवापुढें जाऊं नये, एवढाच त्यांतील संकेत. खुनाच्या बाबतींतही हा डाग मनाकडे पाहत नसे. अरिस्टॉटलनें अथेन्सच्या न्यायसभांचें वर्णन करतांना फ्रिआटो या ठिकाणची एक चमत्कारिक रीत सांगितली आहे. नकळत घडलेल्या मनुष्यवधासाठीं हद्दपार झालेल्या माणसावर दुसऱ्या वधाचा आरोप आला, तर तो होडींत उभा राहून आपली बाजू मांडी आणि न्यायाधीश किनाऱ्यावर बसून ऐकत. त्याचा पाय जमिनीस लागतां कामा नये; पण त्याचें म्हणणें मात्र ऐकलें गेलें पाहिजे! डाग आणि दोष या दोन गोष्टींत ग्रीक माणूस किती बारीक भेद करीत असे, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आतां आजच्या कडव्या मंडळींकडे पाहा. त्यांच्या लेखीं आजार म्हणजे मिआस्मा, उदासपणा म्हणजे मिआस्मा, भांडण झालें कीं मिआस्मा, आंघोळ राहिली कीं मिआस्मा. आणि मिआस्मा असतांना प्रार्थना केली तर देव ऐकत नाहींत, कदाचित् कोपतातही. यामुळें होतें काय, तर एखादें नवशिकें, भाविक माणूस आठवडेच्या आठवडे आपल्या घरच्या वेदीपाशीं फिरकत नाहीं. तें अंथरुणास खिळलेलें असतें, किंवा त्याचें मन खचलेलें असतें. म्हणजे ज्या वेळीं देवाची हांक मारावी त्याच वेळीं तोंड बंद. ही भीति ग्रीक धर्मांतली नव्हे. या अनुयायांपैकीं पुष्कळ जण ख्रिस्ती घरांत वाढलेले आहेत. लहानपणीं ऐकलेली पापाची कल्पना त्यांनीं उंबऱ्याबाहेर ठेविली असें त्यांस वाटतें; पण ती मागच्या दारानें घरांत आली, ग्रीक नांव घेऊन बसली, आणि आतां तीच घरधनीण झाली आहे. ख्रिस्ती धर्मावर आमचा येथें कांहीं कटाक्ष नाहीं. त्या धर्मांत पापाबरोबर पापाची क्षमाही आहे. या मंडळींनीं पाप तेवढें उचललें आणि क्षमा तेथेंच ठेवून आले.

स्त्रियांच्या मासिक धर्माविषयीं तर यांपैकीं कांहींचा आग्रह पाहून आम्ही थक्क झालों. त्या दिवसांत स्त्रीनें धूप लावूं नये, मद्य वाहूं नये, आणि 'प्राचीनांची आज्ञा' म्हणून हें सांगावयाचें! आज्ञा आहे कोठें? रॉबर्ट पार्कर यांचा १९८३ सालीं प्रसिद्ध झालेला 'मिआस्मा' हा ग्रंथ या विषयावर प्रमाण मानला जातो. तो चाळला असतां दिसतें कीं, देवळांच्या जुन्या शुद्धिनियमांत जन्म येतो, मृत्यु येतो, संभोग येतो. मासिक धर्म उशिरां येतो, आणि तोही बहुधा परक्या देवांच्या देवळांत. मेगालोपोलिस येथें इसवी सनापूर्वीं २०० च्या सुमारास सात दिवसांचा नियम लिहिलेला आढळतो, पण तें देऊळ इसिस, सरापिस व अनुबिस या मिसरी देवांचें. सूनिअनच्या भूशिराजवळ पुन्हां सात दिवस आढळतात, पण तो देव आशियामायनरमधला मेन, आणि त्याचें ठाणें मांडणारा एक लिशिअन गुलाम. स्त्रीनें वापरलेल्या पाण्यानें पुरुषानें स्नान करूं नये असें हेसिअड सांगतो हें आम्ही विसरलेलों नाहीं. तो कुरकुऱ्या शेतकरी नदी कशी ओलांडावी आणि नखें केव्हां काढावीं याविषयींही तितक्याच गंभीरपणें बजावतो. त्याचें एक वाक्य उचलून अर्ध्या भक्तसमुदायास महिन्यांतून आठ दिवस दाराबाहेर बसविणें याला जीर्णोद्धार म्हणत नाहींत. जें नव्हतेंच त्याचा उद्धार कसला?

शिवाय शुद्धीचा अतिरेक ग्रीकांनीं स्वतःच हंसून मोडीत काढला होता. थिओफ्रास्टसनें 'भाविक भित्र्या'चें चित्र काढलें आहे. हा गृहस्थ सकाळीं हात धुऊन, अंगावर पाणी शिंपडून, लॉरेलचें पान तोंडांत धरून दिवसभर हिंडतो. थडग्यावर पाऊल टाकीत नाहीं, प्रेताजवळ किंवा बाळंतिणीजवळ जात नाहीं. मिनँडरच्या एका नाटकांत तर खुशालचेंडू तरुणास असा सल्ला मिळतो कीं, तुझा रोग खोटा आहे, तेव्हां औषधही खोटेंच घे. बायकांकडून अंग पुसून घे, धुरी घे, आणि तीन झऱ्यांच्या पाण्यांत मीठ व मसूर टाकून तें शिंपडून घे. नाटक पाहणारे अथेन्सचे नागरिक यावर हंसत, आणि दुसऱ्या दिवशीं देवळांत जातांना दाराशींच्या कुंडांत हात बुडवीत. त्यांस यांत विसंगति दिसत नसे. खरें तर ती नाहींच.

दुसऱ्या पक्षासंबंधीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण त्याचें म्हणणें आमच्या संतांच्या कृपेनें घरोघर पाठ आहे. मन शुद्ध असलें म्हणजे झालें, पाण्याची काय मातबरी, असें हे सुधारक म्हणतात, आणि एपिदॉरसच्या देवळाकडे बोट दाखवितात. तेथें अस्क्लेपिअसच्या दारावर, देवळांत येणारानें शुद्ध असावें आणि शुद्धता म्हणजे पवित्र विचार, अशा अर्थाचा मजकूर होता हें खरें आहे. सिनिक पंथाच्या डायोजिनीसनें पाणी शिंपडून घेणाऱ्या एकास, अशा शिंपडण्यानें व्याकरणाच्या चुका जात नाहींत तशा आयुष्यांतल्याही जात नाहींत, असें सुनावल्याची गोष्टही प्रसिद्धच आहे. परंतु एपिदॉरसच्या दारावरील मजकूर वाचणारा मनुष्य हात धुऊनच तेथवर आलेला असे हें ते विसरतात. ऱ्होड्स बेटावरील लिंडॉसचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतला शिलालेख पाहा. त्यांत आरंभींच, हात आणि मन दोन्ही शुद्ध असावीं व मनास कांहीं भयंकर ठाऊक नसावें, ही मुख्य गोष्ट म्हणून सांगितली आहे. आणि लगेच खालीं यादी दिली आहे: मसूर खाल्ली असेल तर तीन दिवस, बोकडाचें मांस तीन दिवस, चीज एक दिवस, घरच्या माणसाच्या मृत्यूनंतर चाळीस दिवस. मन आणि मसूर एकाच दगडावर! ज्या माणसानें हा लेख कोरविला त्यास अंतर्बाह्य असा झगडा ठाऊकच नव्हता. आणि आम्ही विचारतों, मन शुद्ध आहे याचा दाखला सुधारकांस कोण देणार? पाण्यांत एक मोठा गुण असा आहे कीं, तें घेतलें कीं नाहीं हें समजतें. मनाची शुद्धि हीच जर प्रवेशाची अट केली, तर प्रामाणिक माणूस दाराबाहेरच राहील आणि दांभिक तेवढे आंत जातील.

आतां आमच्या घरच्या विद्वानांकडे वळूं. २०२० च्या महामारींत हात धुण्याचा उपदेश जगभर झाला तेव्हांपासून यांचा उत्साह विशेष वाढला आहे. आमचें सोवळें-ओवळें म्हणजे पूर्वजांचें जंतुशास्त्र होतें, असें ते तेव्हां म्हणूं लागले. आतां त्यांस ग्रीक साक्षीदारही मिळाले! म्हणजे मिआस्मा म्हणजे जंतु आणि खेर्निप्स म्हणजे साबण. हा युक्तिवाद क्षणभर खरा मानूं. मग जळतें लाकूड पाण्यांत विझविल्यानें कोणता जंतु मरतो? शंभर माणसांनीं एकाच कुंडांत हात बुडविणें ही आरोग्याची कोणती रीत? बाळंतिणीच्या छपराखालीं बसलेल्यास तीन दिवस आणि अंगणांत उभ्या असलेल्यास कांहीं नाहीं, हें कोणत्या वैद्यकांत बसतें? आणि पाणी हें जर केवळ साबणाच्या ऐवजीं असेल, तर साबण मिळाल्यावर तें फेंकून द्यावें. त्यासाठीं संस्कृत नको आणि ग्रीकही नको. विधीचा कैवार घेण्यास निघालेले हे वकील विधीचाच खून करून बसतात.

पण हा दोष किरकोळ आहे. खरा दोष निराळाच आहे, आणि तो सांगण्यासाठींच आम्हीं लेखणी उचलली आहे. ग्रीकांच्या देवळांपुढें दगडी कुंडें असत. इस्थमिआ येथें सांपडलेलें एक संगमरवरी कुंड इसवी सनापूर्वीं सातव्या शतकांतलें आहे; सिंहांवर उभ्या असलेल्या चार स्त्रियांनीं तें तोलून धरलें आहे. (गोव्याकडील आमच्या वाचकांनीं चर्चच्या दाराशीं पाण्याचें लहान पात्र पाहिलें असेल, प्रकार दिसण्यांत तसाच, फक्त पुष्कळ मोठा.) या कुंडांतलें पाणी कोण घेई? जो येईल तो घेई. हें पाणी वांटून घेण्यास ग्रीक मनांत किती मोल होतें पाहा. इस्किलसच्या 'आगामेम्नॉन' नाटकांत युद्धांत धरून आणलेली परदेशी राजकन्या कॅसांड्रा दासी म्हणून राजवाड्याच्या दारांत उभी असते. तिला राणी सांगते कीं, इतर दासदासींबरोबर वेदीपाशीं उभें राहून या घरच्या खेर्निप्समध्यें वांटा घेण्याचें तुझ्या नशिबीं आलें आहे. राणीच्या मनांत कपट आहे हें खरें. पण दासीला घरचें पाणी मिळतें ही गोष्ट ती ओघानें, सर्वांस ठाऊक असलेली म्हणून बोलते. अरिस्टोफनीसची लिसिस्ट्राटा एकमेकांचे गळे कापणाऱ्या अथेन्सकरांस व स्पार्टाकरांस खडसावते तेव्हां हीच आठवण देते कीं, ऑलिंपिआस आणि डेल्फीस तुम्ही सगेसोयरे म्हणून एकाच पात्रांतलें पाणी वेदीवर शिंपडतां. या पाण्यास मुकावें लागे तें मनुष्यवध करणारास. सोफोक्लीसच्या नाटकांत इडिपस राजा ज्या अज्ञात खुन्यास शाप देतो, त्याला कोणी खेर्निप्स देऊं नये अशी त्यांत आज्ञा आहे. म्हणजे पाणी तोडणें ही शिक्षा होती, आणि ती कृत्यासाठीं होती. कोणाच्या जन्मासाठीं नव्हे.

आतां महाडचें चवदार तळें आठवा. २० मार्च १९२७ या दिवशीं डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरच्या हजारों माणसांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें. तें तळें सार्वजनिक होतें, गुरेंढोरें तेथें पाणी पीत होतीं. त्यानंतर गांवच्या प्रतिष्ठितांनीं काय केलें? शेण, गोमूत्र, दूध, दहीं घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्या तळ्यांत ओतल्या आणि तळें 'शुद्ध' झालें असें जाहीर केलें. पुढें दहा वर्षें हा वाद कोर्टांत चालला, आणि १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत तो अस्पृश्यांच्या बाजूनें निकालांत निघाला. ग्रीक माणूस देवापुढें जातांना पाण्यानें स्वतःला शुद्ध करीत असे. आम्हीं माणसाच्या स्पर्शानंतर पाण्यालाच शुद्ध केलें. या दोन गोष्टींस एकच नांव देऊन जे 'पाहा, त्यांच्यांतही होतें' असें म्हणतात, त्यांनीं दोन्ही पैकीं एक तरी नीट पाहिली आहे काय? सिरीनीचे तीन दिवस सरत असत. आमच्याकडील तो विटाळ तीन पिढ्यांत सरला नाहीं, तेराव्या पिढींतही सरला नाहीं, कारण तो सरावा अशी कोणाची इच्छाच नव्हती. धुतां येत नाहीं असा डाग ज्यानें माणसावर ठेविला त्याला शुद्धीविषयीं बोलण्याचा अधिकार नाहीं. ग्रीकांचा हवाला देऊन तर नाहींच नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ग्रीकांचें एवढें कौतुक नको. शुद्धीच्या नांवाखालीं त्यांनींही माणसांस देशोधडीस लावलें. हें म्हणणें बरोबर आहे आणि तें आम्ही लपवीत नाहीं. इसवी सनापूर्वीं ४२६ सालीं अथेन्सनें अपोलोच्या डेलॉस बेटाची शुद्धि केली. बेटावरचीं होतीं तेवढीं थडगीं उकरून काढलीं. यापुढें बेटावर कोणी जन्मूं नये आणि मरूं नये असा हुकूम सुटला. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारीं माणसें होडींत घालून समोरच्या ऱ्हीनिया बेटावर न्यावयाचीं असें ठरलें. एवढ्यानेंही अथेन्सचें समाधान झालें नाहीं. चार वर्षांनीं, पूर्वीं कधीं घडलेल्या एका दोषाचें निमित्त काढून, साऱ्या डेलॉसकरांनाच बेटाबाहेर घालविलें. ते आशियांत एका इराणी सुभेदाराच्या आश्रयानें राहिले. थ्युसिडिडीस हा इतिहासकार हें सारें कोरडेपणानें नोंदवितो, आणि त्या कोरडेपणांतच त्याचें मत दिसतें असें आम्हांस वाटतें. पण या गोष्टीचा शेवटही त्यानेंच दिला आहे. दुसऱ्याच वर्षीं, ४२१ सालीं, लढायांत अपयश आल्यामुळें आणि डेल्फीच्या देवानें तशी आज्ञा केल्यामुळें अथेन्सनें डेलॉसकरांस त्यांच्या बेटावर परत आणून बसविलें. ज्या अपोलोसाठीं बेट धुतलें म्हणत होते, त्याच अपोलोनें हीं माणसें परत आणा म्हणून सांगितलें! शुद्धि ही सत्तेच्या हातीं गेली कीं तिचें काय होतें तें ग्रीकांसही ठाऊक होतें. अथेन्सच्या आजच्या नव्या पुजाऱ्यांनीं हें प्रकरण आपल्या नवशिष्यांस आरंभींच वाचावयास द्यावें.

मग आजच्या अनुयायानें करावें काय, असा प्रश्न विचारणारा विचारील. आम्ही त्यांच्या धर्माचे आचार्य नव्हों. पण त्यांच्याच पूर्वजांपैकीं एकाचें नांव आम्ही सुचवूं शकलों असतों, जर त्याचें नांव कोणास ठाऊक असतें. हिपॉक्रटीसच्या नांवावर चालणाऱ्या वैद्यकग्रंथांत 'पवित्र रोग' म्हणजे फेपरें यावर एक लहान पुस्तक आहे. तें बहुधा इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकाच्या अखेरीचें. त्याचा कर्ता कोण हें कळत नाहीं, पण माणूस तिखट आहे. फेपरें हा इतर रोगांसारखाच एक रोग, त्याचें मूळ मेंदूंत, असें तो म्हणतो; आणि मंत्रतंत्र व शुद्धि करून तो बरा करूं म्हणणाऱ्या भोंदूंस तो चांगलेंच फैलावर घेतो. हे लोक रोग्यास स्नान करूं देत नाहींत, अमुक मासे व बोकडाचें मांस खाऊं देत नाहींत, काळीं वस्त्रें वापरूं देत नाहींत, बकऱ्याच्या कातड्यावर निजूं देत नाहींत. शुद्धीसाठीं वापरलेल्या वस्तु ते जमिनींत पुरतात, समुद्रांत टाकतात, डोंगरांत नेऊन फेंकतात, कोणाचा पाय लागूं नये म्हणून. रोग जर खरोखर देवानें आणला असेल, तर त्या वस्तु देवळांत नेऊन देवालाच अर्पण करावयास नकोत काय, असें हा वैद्य त्यांस विचारतो. देवाच्या संसर्गानें माणसाचें शरीर विटाळतें ही कल्पनाच त्यास अमंगळ वाटते.

इतकें फटकारल्यावर हा बुद्धिवादी आतां देवळांतल्या कुंडालाही लाथ मारील, अशी वाचणाराची अपेक्षा होते. तो तसें करीत नाहीं. देवांच्या स्थानांना सीमा आपण घालतों, शुद्ध असल्याखेरीज कोणी त्या ओलांडूं नयेत म्हणून. आणि आंत जातांना आपण अंगावर पाणी शिंपडतों, तें तेथें विटाळ होतो म्हणून नव्हे, तर आधींचा कांहीं मळ अंगावर असेल तर तो जावा म्हणून, अशा अर्थाचें तो लिहितो. हा भाग मूळ ग्रीकांत वाचतांना एक बारीक गोष्ट नजरेस येते. भोंदूंविषयीं लिहितांना त्याचीं सारीं क्रियापदें तृतीयपुरुषी आहेत. पाण्याविषयीं लिहितांना तीं प्रथमपुरुषी होतात.